यशिका मॅट-१२४ जी : मीटरला सेल कोणता घालायचा? पहिला रोल पातळ आला

मसूरची_मास्तरीण

बाबांचा कऱ्हाडात स्टुडिओ होता, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. २००७ साली बंद केला. एन्लार्जर भंगारात गेला, डेव्हलपिंगचे ट्रे आईने कुंड्यांखाली ठेवले. एकच वस्तू बाबांनी विकू दिली नाही, ती म्हणजे यशिका मॅट-१२४ जी, दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा फिल्म कॅमेरा. फोर्टातून सेकंडहँड आणलेली. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिने बघितली असतील.

दिवाळीच्या सुट्टीत ती मी कपाटातून काढली. शटर पडतं, हँडल पुढे फिरवून मागे आणलं की कॉक होतं, भिंगाला कडेला थोडी बुरशी आहे पण मधला भाग स्वच्छ आहे. उजेड मोजणारा मीटर तेवढा मेलेला होता. बाजूचं झाकण एक रुपयाच्या नाण्याने उघडलं तर आत एक जुना सेल, भोवती पांढरट हिरवी खपली. अंगावर ‘पीएक्स ६२५’ असं काहीतरी. घड्याळवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, हा आता येत नाही, एलआर ४४ घाला. तो लहान पडतो म्हणून भोवती चॉकलेटची चांदी कोंबली. काटा उठला! मी त्या आनंदात एचपी फाईव्हचा ब्लॅक अँड व्हाईट रोल भरला, एएसए (फिल्मची उजेड टिपायची ताकद) ४०० लावलं आणि मीटर सांगेल तसं प्रीतिसंगमावर बाराच्या बारा फोटो काढले. धुऊन आला तो सगळा पातळ, म्हणजे निगेटिव्ह फिकट. सावलीतले चार तर जवळजवळ कोरे.

मग मोबाईलमधल्या मीटरशी ताडून बघायला लागले. सुरुवातीला यशिकाचा काटा जास्त उजेड दाखवायचा. मोबाईल शटर १/१२५ सेकंद म्हणाला तर हा म्हणे १/२५०, कधी त्याहून जास्त. तीन आठवड्यांनी बघितलं तर दोघांचं अगदी जुळलं. म्हटलं, बरा झाला बिचारा. पुढच्या आठवड्यात काटा उलट कमी उजेड दाखवायला लागला आणि आता दीड महिन्यात पुन्हा मेला. कॅमेरा मी हातसुद्धा लावलेला नाही, शोकेसमध्ये नुसता दिमाखात उभा आहे.

बाबांना विचारलं असतं, पण त्यांना आता फार कमी ऐकू येतं. ओरडून विचारलं तर म्हणाले, “मीटर बघून कधी फोटू काढलाय व्हय मी?” संपला विषय.

सेल कुठला घालू? का मीटरच बिघडलाय?

रोल_नंबर_बारा

मोबाईलचं मीटर आहे ना हाताशी? मग तेच वापरा. शटरला सेल लागतच नाही या कॅमेऱ्यात. उगाच कशाला डोक्याला ताप.

मसूरची_मास्तरीण

वापरतेच आहे. पण समोर काटा असताना खिशातून मोबाईल काढायचा, हे काही पटत नाही मनाला.

मिरजेचा_डार्करूमवाला

ताई, मीटर ठणठणीत आहे. बिघडलेला मीटर एवढ्या शिस्तीने चुकत नाही.

मी मिरजेत एकतीस वर्षं स्टुडिओ चालवला, माझ्याकडेही हीच होती. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणतात ते खरंच आहे, मांडवात मीटर कोण बघत होतं? फ्लॅश, भिंगाचं छिद्र एफ ८ आणि नवरा-नवरी किती पावलांवर आहेत एवढंच. मीटर उपयोगी पडायचा तो बाहेर, शाळेच्या ग्रुप फोटोला, संध्याकाळी.

आता सेलचं. तुमचा जुना पीएक्स ६२५ पाऱ्याचा सेल होता. १.३५ व्होल्ट. त्याची खोड अशी की पहिल्या दिवसापासून मरेपर्यंत तो १.३५ च देतो आणि मग एका दिवसात बसतो. जपानी कंपन्यांनी त्या भरवशावरच मीटर बनवले. मीटरमध्ये एक सीडीएस असतो, म्हणजे उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा तुकडा. सेलमधून त्याच्यातून जेवढा करंट जाईल तेवढा काटा उठतो. म्हणजे काटा दोन गोष्टींवर हलतो, उजेडावर आणि व्होल्टेजवर. कॅमेऱ्याला यातलं काय वाढलं ते कळत नाही. व्होल्टेज वाढलं तरी त्याला वाटतं ऊन वाढलं.

तुमचा एलआर ४४ अल्कलाईन आहे, नवा असताना दीड व्होल्ट. काटा जास्त उठला, तुम्ही शटरचा वेग वाढवलात, फिल्मला उजेड कमी पडला, निगेटिव्ह पातळ. पण अल्कलाईन सेल उतारावरच्या सायकलसारखा, पहिल्या दिवसापासून खालीच येतो. खाली येताना वाटेत त्याला १.३५ लागलं, ते तुमचे ‘जुळलेले’ दिवस. मग तो त्याच्याही खाली गेला. बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तशातला प्रकार.

पाऱ्याचे सेल आता कुठेच शोधू नका. अमेरिकेने १९९६ मध्ये बंद केले. २०१३ मध्ये पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला नाव मिनामाता. जपानमधलं ते गाव, जिथे कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा समुद्रात गेला, माशांत गेला आणि माणसांच्या मेंदूपर्यंत पोचला. १९५६ मध्ये तो रोग अधिकृतपणे नोंदवला गेला. आपली यशिकासुद्धा जपानचीच. तेव्हा जुन्या सेलची हळहळ वाटली तरी बंद झाले ते बरंच झालं. तुम्ही काढलेला सेल कचऱ्यात टाकू नका, फोडून तर अजिबात बघू नका. प्लास्टिकच्या डबीत बंद करून ई-कचऱ्यात द्या. आणि ती हिरवी खपली कानाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग कोरड्या काडीने. ओली ठेवलीत तर पुन्हा धरेल. हात धुवा.

आता उपाय. श्रवणयंत्राचं दुकान गाठा आणि ६७५ नंबरचा सेल मागा. त्याच्यावर निळं स्टिकर असतं. (३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ते लहान पडतील.) हा झिंक-एअर, १.४ व्होल्ट, आणि पाऱ्यासारखाच शेवटपर्यंत बऱ्यापैकी सपाट चालतो. ०.०५ चा फरक निगेटिव्ह सहज पचवते. स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि मग सेल जिवंत होतो, म्हणून काढल्यावर एक-दोन मिनिटं तसाच ठेवा, नंतर कॅमेऱ्यात घाला. एकदा स्टिकर काढलं की वापरा न वापरा, दोन-तीन महिन्यांत तो वाळतो. स्टिकर परत चिकटवून फारसं काही साधत नाही, मी करून बघितलंय.

आणि आता खरा चोर. तुम्ही लिहिलंय, कॅमेरा शोकेसमध्ये दिमाखात उभा आहे. वरचं झाकण, ज्यातून खाली बघतो ते, उघडं आहे का?

मसूरची_मास्तरीण

काका, उघडं आहे. मिटलेला असला की नुसता डबा वाटतो, म्हणून मुद्दाम उघडून ठेवलाय. शोकेस खिडकीसमोर आहे.

मिरजेचा_डार्करूमवाला

१२४ जी मध्ये मीटरचं बटण वेगळं नाही. वरचं झाकण उघडलं की मीटर चालू, मिटलं की बंद. तुम्ही दीड महिना रात्रंदिवस मीटर चालू ठेवलात, तोही खिडकीच्या उजेडात. उजेड जास्त तितका करंट जास्त. एवढा टिकला हेच आश्चर्य.

शोभेला ठेवायचा तर मिटून ठेवा. डबा तर डबा.

सोल्डरची_वाफ

काकांचं सगळं मान्य. थोडी भर घालतो. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि हीच भानगड एका जुन्या कॅमेऱ्याच्या मीटरवर निस्तरलीय.

झिंक-एअर दर दोन महिन्यांनी बदलायचा कंटाळा असेल तर सिल्व्हर ऑक्साईडचा एसआर ४४ घ्या. आकार एलआर ४४ चाच, दुकानदार हमखास दोन्ही एकच म्हणून देतो. एक नाहीत. एसआर १.५५ व्होल्टवर सपाट चालतो. सपाट आहे पण जास्त आहे, म्हणून त्याच्या ओळीत एक शॉटकी डायोड टाकायचा. एवढ्या बारीक करंटला तो साधारण ०.२ व्होल्ट खातो, उरतात १.३५. साधा सिलिकॉन डायोड नको, तो जास्त खाईल. ६२५ च्या आकाराची कडी असलेले तयार अडॅप्टरसुद्धा मिळतात, आत डायोड बसवलेले. पण डायोड नसलेली नुसती कडीही त्याच नावाने विकतात, घेताना नीट बघा.

कुणी म्हणेल एसआर ४४ तसाच घाला आणि एएसए ४०० ऐवजी २०० लावा. चालतं, पण अर्धवट. चूक सगळीकडे सारखी नसते, उन्हात वेगळी, घरात वेगळी. सावलीतले चार कोरे आले म्हणताय, तिथे तेच झालं असावं.

आणि ती चॉकलेटची चांदी आधी काढा. सेलचा चपटा भाग आणि सगळी कड प्लस, मधलं लहान बटण मायनस. चांदी कडेने खाली सरकून बटणाला टेकली की सेल सरळ शॉर्ट. कडेला पुठ्ठ्याची किंवा रबराची कडी घाला. ६७५ सेल साडेअकरा मिलिमीटर रुंद असतो, मूळचा सोळाच्या जवळपास. उंचीलाही थोडा कमी पडतो, त्यासाठी चांदीची छोटी घडी फक्त बटणाच्या बाजूला, मधोमध. भोकं चपट्या बाजूला असतात, ती बुजवू नका.

रोल_नंबर_बारा

एवढं सगळं करण्यापेक्षा... बरं जाऊ दे. मी काही बोललो नाही.

मसूरची_मास्तरीण

बारा दिवसांनी लिहितेय, कारण रोल धुऊन यायचा होता.

श्रवणयंत्राच्या दुकानात जावंच लागलं नाही. काकांचा मजकूर वाचताना ‘निळं स्टिकर’ आलं आणि मी उठून टीव्हीखालचा खण उघडला. बाबांच्या कानामागच्या मशीनचे सेल. सहाचं पान, त्यातले चार शिल्लक, निळी स्टिकरं, ६७५. गेली तीन वर्षं दर पंधरवड्याला मीच बदलतेय ते, आणि घड्याळवाल्याच्या दारात मी उभी.

बाबांना खुणेने सांगितलं की तुमच्या कानाचा सेल कॅमेऱ्याला घालतेय. त्यांना आधी कळेना. कळल्यावर म्हणाले, “मग ह्यातला उतरलेला घाल की, नवा कशाला फोडतीस?” मी नवाच फोडला. कडीसाठी नळाचे वायसर घेऊन आले, तीन आणले त्यातला एक बसला. तो बाबांनीच बसवला. त्यांची बोटं आता थरथरतात, पण कॅमेरा हातात घेतला की थरथर कमी होते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. हँडल पुढे, मागे, शटर. कान लावला. ऐकू तर येत नाही, पण कॅमेरा गालाला टेकवून धरला आणि म्हणाले, “एक सेकंद लांबतोय. तेल वाळलंय.” मी मोबाईलवर रेकॉर्ड करून मोजलं. एक सेकंदाचं शटर पावणेदोन सेकंद उघडं राहतंय. १/३० च्या पुढचे स्पीड बरे वाटतात.

मीटर मोबाईलशी जुळतो. अगदी तंतोतंत नाही, अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग बाबांना घेऊन संगमावर गेले. त्यांनी काट्याकडे बघितलंही नाही. आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “सोळा, पाचशे.” मी झाकण उघडून काटा बघितला तर छिद्र १६ आणि शटर १/५००. दुपारचं लख्ख ऊन, ४०० चा रोल. घाटाच्या पायऱ्यांवर वडाखाली गेलो तर म्हणाले, “आठ, सव्वाशे.” मीटर म्हणाला ५.६, म्हणजे छिद्र थोडं मोठं. मी मीटरचं ऐकलं, नंतर तोच फोटो त्यांच्या आकड्यावरही काढला.

बारापैकी अकरा छान आले. वडाखालचे दोन्ही आले, मीटरचा थोडा दाट आहे, बाबांचा थोडा पातळ. बाबांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितली आणि आपलीच चांगली म्हणाले. मला मीटरची आवडली. आई म्हणाली दोन्हीत माझा पदर दिसत नाही.

फुकट गेलेला सातवा. त्यात सगळं धुरकट आहे, आणि सहाव्याची उजवी कडही थोडी. बाकी स्वच्छ. प्रकाश गळतोय का? आणि कऱ्हाड-सांगलीकडे अजून कोणी अशा शटरचं तेलपाणी करतं का?

मिरजेचा_डार्करूमवाला

गळती असती तर बाराच्या बारा फोटोंत दिसली असती. सहावा काढल्यावर मध्येच कोणी मागचं झाकण उघडलं होतं का?

तेलपाणी करणारा एक माणूस माहीत आहे, नाव इथे नको, निरोप टाकतो. तोवर १/३० च्या खाली जाऊ नका, आणि तेल स्वतः घालू नका. पात्यांवर तेल चढलं तर शटर चिकटून बसेल.

मसूरची_मास्तरीण

विचारलं. भाच्याने. “आत्या, फोटो दिसतोय का बघत होतो.”