मदत हवी आहे: वाचनालयाची वेबसाइट गुगलवर सापडत नाही (रविवारी सभा आहे!)

चिटणीस_बवर्ग
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. आमच्या वाचनालयाची वेबसाइट सुरू होऊन चार-पाच महिने झाले, पण गुगलवर काही म्हणजे काही सापडत नाही. साइट बनवून देणारा म्हणतो, एसइओ, म्हणजे साइट गुगलवर वर आणायचं काम, वेगळं असतं, त्याचे दरमहा पैसे पडतील, मग पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी. यावरून कार्यकारिणीत दोन तट पडलेत. रविवारी वार्षिक सभा आहे आणि विषय निघणारच. पैसे द्यायचे की नाही एवढंच सांगा, पाल्हाळ नको. साइट छान आहे, मोबाइलवर उघडते, सगळं टाकून झालंय.

सर्वर_डाउन
लिंक? साइट वर्डप्रेसवर बनवलीय की आणखी कशावर? सर्च कन्सोल जोडलंय का? आणि "काही सापडत नाही" म्हणजे नेमकं काय टाकून शोधलंत?

मार्केटिंगमामा
बॅकलिंक, बॅकलिंक आणि बॅकलिंक! म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका. १९९८ मध्ये गुगलवाल्या ब्रिन आणि पेज यांनी पेजरँक (पानांना वजन द्यायचं सूत्र) मांडला तो याच पायावर: तुमच्याकडे बोट दाखवणारे जितके जास्त आणि जितके वजनदार, तितके तुम्ही वर. विकिपीडियावर गावाच्या पानात साइटची लिंक टाका, क्वोरावर उत्तरं लिहून खाली लिंक द्या, आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या साइटवर टाकायला सांगा. दोन महिन्यांत फरक दिसेल. माझे क्लाएंट याच्यावर जगतायत.

नदीकाठ
मामा, विकिपीडियाचं नाव कृपया काढू नका. तिथल्या बाहेरच्या दुव्यांवर २००७ पासून नोफॉलो (या दुव्याला वजन देऊ नका अशी सर्च इंजिनांसाठीची खूण) लावलेलं असतं, रँकिंगसाठी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. वर तिथे संपादन करणाऱ्या आमच्यासारख्यांना संध्याकाळी बसून ते दुवे काढावे लागतात. गावाच्या पानावर वाचनालयाबद्दल दोन संदर्भ देऊन परिच्छेद लिहा, त्याचं स्वागत आहे.

जुना_वेबमास्तर
या सगळ्याआधी पानाच्या कोडमध्ये मेटा कीवर्ड (सर्च इंजिनांसाठी लिहिलेले, वाचकाला न दिसणारे शब्द) आहेत का बघा. "वाचनालय, ग्रंथालय, पुस्तके, मराठी पुस्तके" असे वीस-पंचवीस शब्द स्वल्पविराम देऊन टाकायचे. आम्ही याहू आणि अल्टाव्हिस्टाच्या काळात असंच करायचो, दुसऱ्या दिवशी वर.

सर्वर_डाउन
काका, गुगल मेटा कीवर्ड बघत नाही हे त्यांनी स्वतः २००९ मध्ये जाहीर केलंय. अल्टाव्हिस्टा २०१३ मध्ये बंद झालं.

जुना_वेबमास्तर
टाकल्याने तोटा तर नाही ना.

शंकासुर
फायदा नसलेल्या गोष्टी तोटा नाही म्हणून करत राहणं हीच आपल्याकडच्या एसइओची व्याख्या आहे.

चिटणीस_बवर्ग
लिंक इथे देता येणार नाही, त्याला अध्यक्षांची परवानगी लागेल. वर्डप्रेसवर आहे. सर्च कन्सोल म्हणजे काय ते माहीत नाही. आणि पुन्हा सांगतो, प्रश्न पैसे द्यायचे की नाही हा आहे.

अबोली
तुमचा राग समजतो, पण काय बिघडलंय ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार? एक सोपी तपासणी करा. गुगलच्या खिडकीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला लागून कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. गुगलकडे त्या साइटची कोणकोणती पानं आहेत याचा अंदाज येईल. एकही दिसलं नाही तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगखाली "सर्च इंजिनांनी ही साइट धरू नये" अशा अर्थाची चौकट आहे, तिथे टिकमार्क आहे का बघा. साइट बनत असताना ती खूण करतात आणि काढायची राहून जाते. निम्म्या केसेस तिथेच मिटतात.

पैशांचं म्हणाल तर, पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही हे खुद्द गुगलच्या मदतपानांवर लिहिलेलं आहे. सभेत तेवढं वाचून दाखवा.

कोकणमेवा_डायरेक्ट
माझा पण सेम प्रॉब्लेम. काजू आणि आमसुलांची साइट आहे, फक्त गुगल मॅपवर दिसते, तेही गल्ली चुकीची. कोणी सांगेल का?

शंकासुर
नवीन धागा काढा हो. (गल्ली गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये जाऊन स्वतः बदलता येते.)

टोरांटोकर
खरं सांगायचं तर एसइओचा जमाना गेला. इकडे कोणी गुगलच्या निळ्या लिंका उघडत नाही, सगळे चॅटजीपीटीला विचारतात. वाचनालयाने इन्स्टाग्रामवर रील करावेत. आमच्या इथल्या मराठी मंडळाने गणपतीत केले होते, तुफान चालले.

सर्वर_डाउन
आणि चॅटजीपीटीला उत्तर कुठून मिळतं? त्यालाही कुणाच्या तरी साइटवरचा मजकूर वाचावाच लागतो.

चिटणीस_बवर्ग
अबोलीताई, केलं. पानं दिसतात! मुखपृष्ठ, इतिहास, कार्यकारिणी, संपर्क, आणि काही पीडीएफ. ती टिकमार्कची चौकट रिकामी आहे. वाचनालयाचं नाव टाकलं की साइट पहिलीच येते, ते आधीपासूनच येतं. अडचण त्याची नाहीच. लेख सापडत नाहीत. लेखाचं शीर्षक जसंच्या तसं टाकलं तरी नाही.

सर्वर_डाउन
आता आलात मुद्द्यावर. कसले लेख?

चिटणीस_बवर्ग
आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, बरीच वर्षं. त्यासाठीच तर साइट केली! सगळे अंक टाकलेत. पंचक्रोशीतल्या जुन्या लोकांचे, वाड्यांचे, यात्रांचे लेख आहेत, बाहेर कुठे मिळणार नाहीत. एक गंमत सांगतो, १९७४ च्या अंकातला एक लेख गुगलवर सापडला. पण २००८ चा, २०१२ चा एकही नाही. नवीन अंक तर छापायलाही सुबक आहेत.

मार्केटिंगमामा
जुन्या पानाला वजन जास्त असतं. डोमेनचं वय बघितलं जातं.

अबोली
मामा, सगळे अंक एकाच डोमेनवर एकाच वेळी चढलेत. १९७४ हे कागदाचं वय आहे.

चिटणीस, हे अंक पीडीएफ आहेत ना? २०१२ च्या अंकातली एक ओळ माउसने निवडा, कॉपी करा आणि वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॅपवर पेस्ट करा. काय येतं ते सांगा.

चिटणीस_बवर्ग
हे काय भलतंच. वाचताना स्वच्छ मराठी आणि चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस. पहिला शब्द अंडरस्कोर, मग एच, एम, ए, एम, पुढे कसलीतरी टिंबं आणि चिन्हं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे का?

खिळेजुळारी
व्हायरस नाही हो, श्री-लिपी आहे! तुमचा पहिला शब्द "महाराष्ट्र". अंडरस्कोर म्हणजे म, एच म्हणजे ह, एम म्हणजे काना, ए म्हणजे र, पुन्हा एम म्हणजे काना, आणि ती टिंबं-चिन्हं म्हणजे ष्ट्र. पंचवीस वर्षं पेजमेकरवर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) अंक लावलेत, डोळे मिटून वाचतो.

काय झालंय ते सांगतो. हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. इंग्रजीच्या ए, बी, सीच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली. कागदावर उतरताना फरक पडत नाही, कारण डोळ्याला चित्र दिसतं. पण फाइलच्या पोटात साठतं ते इंग्रजी अक्षरच. पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही, त्यामुळे श्री-लिपी म्हणा, आकृती म्हणा, सी-डॅकचं आयएसएम म्हणा, डीटीपीचं सगळं मराठी जग असंच चालायचं. तुमच्या २०१२ च्या अंकात गुगलला "महाराष्ट्र" हा शब्द दिसतच नाही. तो अंडरस्कोर-एच-एम वाचतो आणि पुढे जातो.

चिटणीस_बवर्ग
मग १९७४ चा कसा सापडला? तो तर शिशाच्या खिळ्यांवर छापलेला, स्कॅन केलाय.

अबोली
म्हणूनच सापडला. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात मजकूर नसतोच. अशा पीडीएफमधलं चित्र ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखायचं तंत्र) लावून वाचायचा प्रयत्न गुगल करतो. दरवेळी करेलच असं नाही, पण करतो. २०१२ च्या फाइलमध्ये मात्र मजकूर "आहे", त्यामुळे चित्र वाचायची गरज त्याला बहुधा वाटत नाही. तो मजकूर कचरा आहे हे त्याला कोण सांगणार?

शंकासुर
म्हणजे छान छापलं ते हरवलं आणि पिवळं पडलं ते सापडलं. दंडवत.

मार्केटिंगमामा
तरी बॅकलिंक लागतीलच.

सर्वर_डाउन
लागतील मामा, नंतर. आज जगातली सगळी बोटं त्या पीडीएफकडे वळवली तरी "महाराष्ट्र" शोधणाऱ्याला अंडरस्कोर-एच-एम कसं मिळणार?

लेखकहक्क
एक कोणीच विचारलेलं नाही. लेखकांची परवानगी घेतली आहे का? अंकात छापायला दिलेला लेख म्हणजे इंटरनेटवर टाकायला दिलेला लेख नव्हे. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. १९७४ च्या अंकातले लेखकसुद्धा यात येतात.

चिटणीस_बवर्ग
अहो, ते सगळे गावातलेच आहेत, निम्मे आमचे सभासद. उलट आमचा लेख दिसत का नाही म्हणून तेच मागे लागलेत.

लेखकहक्क
मग लेखी घेऊन ठेवायला सोपं आहे. उरलेल्या निम्म्यांच्या वारसांना पत्र पाठवा.

नदीकाठ
मुद्दा बरोबर आहे, पण वेगळा धागा काढा, खरंच. यावर आधी दोनशे प्रतिसाद झालेले आहेत.

चिटणीस_बवर्ग
हक्कांचं अध्यक्षांच्या कानावर घालतो. आता उपाय सांगा. साइटवाल्याला विचारलं तर म्हणतो पीडीएफला "एसइओ फ्रेंडली" नावं देतो, पॅकेजमध्ये बसतं.

खिळेजुळारी
फाइलचं नाव बदलून पोटातला मजकूर बदलत नाही. पहिलं काम, अंक लावणाऱ्याकडे पेजमेकरच्या मूळ फाइली आहेत का विचारा. असतील तर त्यातला मजकूर काढून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा. त्याआधी नेमका फॉन्ट कोणता ते बघा. पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सची यादी असते, तिथे श्री-देव आणि पुढे आकडे दिसतील. अंकाअंकात फॉन्ट बदललेला असू शकतो, आम्ही डीटीपीवाले दर दिवाळीला हौसेने बदलायचो. आकृतीचा मजकूर श्री-लिपीच्या कन्व्हर्टरमध्ये टाकलात तर भलताच गोंधळ होईल.

आणि कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नका. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. "कीर्ती"चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला मी शंभर वेळा पाहिलाय. मुद्रितशोधन लागणारच.

सर्वर_डाउन
त्यात भर: "दऱ्या", "तऱ्हा" यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन किंवा साध्या र ला पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला एकच. "ॲ" चंही तेच, एक स्वतंत्र ॲ आणि एक अ वर चंद्र. अख्ख्या साइटवर एकच पद्धत ठेवा, निदान तुमच्या स्वतःच्या शोधखिडकीत तरी घोळ होणार नाही.

अबोली
शीर्षकांसाठी तेवढं बघा, एरवी यात अडकू नका. बदललेला मजकूर पुन्हा पीडीएफ करून चढवू नका एवढं मात्र पाळा. युनिकोड फॉन्ट वापरूनही पीडीएफमधून देवनागरी नीट बाहेर येईल याची खात्री नसते, जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक लेखाला साइटवर स्वतंत्र पान द्या. वर लेखाचं शीर्षक, खाली लेखकाचं नाव, अंकाचं वर्ष, मग अख्खा लेख, आणि शेवटी मूळ पीडीएफची लिंक. शंभर पानांची एकच पीडीएफ गुगलला सापडली तरी वाचणारा आत आपला लेख शोधत बसत नाही.

पानाचा पत्ता रोमनमध्ये आणि छोटा ठेवा. वर्डप्रेस मराठी शीर्षकाचा आपोआप पत्ता करतं तेव्हा देवनागरीच्या एकेका चिन्हाला नऊ अक्षरं खर्ची पडतात आणि पत्त्याची मर्यादा दोनशेची. बाविसाव्या चिन्हानंतर शीर्षक तुटतं, काना-मात्राही त्यातच मोजायच्या.

नदीकाठ
पत्ता मराठीत असला तरी गुगलला काही अडत नाही. उगाच सगळं रोमन करायला सांगू नका.

अबोली
गुगलला नाही अडत. व्हॉट्सॅपवर पाठवल्यावर टक्केचिन्हांची जी मालगाडी येते ती बघून माणसं लिंक उघडत नाहीत. माझा अनुभव सांगितला.

नदीकाठ
माझा अनुभव वेगळा आहे. असो.

टोरांटोकर
खिळ्यांचे जुने अंक गुगल डॉक्समध्ये उघडून बघा, मराठीचं ओसीआर ठीकठाक करतो. मी आजोबांच्या वह्यांवर लावलं होतं. हस्ताक्षर असल्यामुळे काहीही आलं, पण छापील मजकुराला चालेल. रीलचंही मनावर घ्या.

चिटणीस_बवर्ग
काल रात्री २०१२ च्या अंकातला यात्रेवरचा लेख कन्व्हर्टरमधून काढून वेगळ्या पानावर टाकला. खिळेजुळारी काका, रफाराचं अगदी तुम्ही म्हणालात तसंच झालं, "पार्वती"चा रफार उडून ती वर गेला. आमच्या निवृत्त बाईंनी तासाभरात सगळं लाल करून दिलं. सर्च कन्सोल जोडलं (आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारी गुगलचीच सोय निघाली), त्यात पानाचा पत्ता देऊन इंडेक्सिंगची, म्हणजे पान गुगलच्या यादीत घेण्याची, विनंती केली. आज सकाळपर्यंत काही दिसलेलं नाही. रविवारपर्यंत येईल का?

सर्वर_डाउन
सांगता येत नाही. काही तासांत येतं, कधी आठवडे लागतात. रोज तीच विनंती करून लवकर होत नाही.

शंकासुर
सभेसाठी गुगलची वाट कशाला बघताय? प्रोजेक्टरवर २०१२ ची पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करून पेस्ट करा. एकदा अंडरस्कोर-एच-एम पडद्यावर दिसलं की पॅकेजबद्दल कोणी बोलणार नाही.

चिटणीस_बवर्ग
हे आवडलं. तेच करतो. पण मूळ फाइलींचं अवघड दिसतंय. अंक लावणारे गृहस्थ वारले, मुलाकडे सीडी आहेत म्हणे, त्यातल्या निम्म्या उघडत नाहीत. नुसत्या पीडीएफवरून होईल का काका?

खिळेजुळारी
होईल, मजकूर पीडीएफमधूनही उचलता येतो. दोन रकाने असतील तिथे ओळी एकमेकींत घुसतात, त्या हाताने सोडवाव्या लागतील. सीडी मात्र फेकू नका आणि घासूनपुसूनही बघू नका. दुसऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हवर न चाललेली सीडी दुसऱ्यावर चालते बऱ्याचदा. सगळ्या पीडीएफमधल्या फॉन्टच्या याद्या काढून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. २००८ ते २०१२ एकच फॉन्ट असेल तर पाच वर्षांचं काम एका झटक्यात निघेल.

कोकणमेवा_डायरेक्ट
बिझनेस प्रोफाइलमध्ये गल्ली बदलली, आता शेजारच्याचं दुकान माझ्या नावावर दिसतंय. कोणी आहे का?