फिरा गाव ते इआ गाव: ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरची कड्यावरची वाट

प्रश्न: मे महिन्यात सोलापूरहून चौघं निघतोय. सपाटीवर चालायची सवय आहे, ही वाट जमेल का? बूट कसले घ्यावेत?

उत्तर 1: जमेल की. अंतर साधारण 10 किलोमीटर, थांबत गेलात तर 4 तास. वाटेतल्या इमेरोविग्ली गावापर्यंत बहुतेक फरसबंदी नि पायऱ्या. त्रास पुढे. तिथली लाल-काळी ज्वालामुखी खडी उतारावर सांडलेल्या ज्वारीसारखी पायाखालून सरकते. टाच आधी टेकवली की घसरलातच. पावलं छोटी ठेवा, तळवा पूर्ण टेकवा. खोल खाचांच्या तळाचेच बूट घ्या.

उत्तर 2: उन्हाचं आपल्याला काय! फसवतो तो वारा. घाम लगेच वाळतो, तहान कळत नाही. माणशी 2 लिटर पाणी, इमेरोविग्लीत पुन्हा भरा. कडक भाकरी टिकते. शेंगा चटणी मात्र बेतानं, तहान वाढवते.

उत्तर 3: फिराहूनच निघा, म्हणजे इआकडे एकंदर उतार मिळतो. सकाळी 7 ला. परतीला बस आहे. स्कारोसच्या सुळक्याचा फाटा इमेरोविग्लीतून, तासभर जादा धरा. कड्यात वरचा पांढुरका थर दिसेल, तो इ.स.पू. 1600 च्या सुमारच्या उद्रेकाचा.