ड्रम सँडर: फळीवर एकाच जागी जळकी रेघ आणि एका बाजूला जाडी जास्त

फळीकट:
मशीन म्हणजे फिरत्या ड्रमवरच्या सँडपेपरने फळी घासून सपाट करणारा ड्रम सँडर, १६ इंची, एका बाजूने उघडा (ड्रमला आधार फक्त आतल्या बाजूला). ड्रमचा व्यास ५ इंच, मोटर दीड एचपी. ८० नंबरची, कापडाच्या पाठीची, ३ इंच रुंद सँडपेपरची पट्टी ड्रमवर गुंडाळलेली आहे. तीन तक्रारी:

१. फळ्या ग्लूने जोडून केलेल्या पॅनलवर आतल्या कडेपासून साधारण १४० मिमीवर जळकी रेघ येते. बोट फिरवलं तर ती किंचित वर आलेली लागते.
२. पॅनल बाहेर आल्यावर आतल्या बाजूला १८.२ मिमी भरतं, उघड्या बाजूला १८.६. एका फेरीत अर्धा मिमी काढतोय.
३. फळी पुढे नेणारा कन्व्हेयरचा पट्टा हळूहळू उजवीकडे सरकतो आणि कडेला घासतो.

ड्रम वाकडा बसलाय असं वाटतं. पट्ट्याखालच्या टेबलाचे बोल्ट सैल करून लेव्हल करायच्या बेतात आहे. आधी कुठे हात घालावा?

रंधा_पटाशी:
बोल्टना आत्ता हात लावू नका. एकदा ते हलले की मूळ दोष कोणता होता तेच कळत नाही. आधी पेपर, मग पट्टा, आणि ड्रम-टेबलाचा समांतरपणा सगळ्यात शेवटी.

रेघ वर आलेली आहे, म्हणजे तिथे पेपर कापत नाही, नुसता घासतोय. ड्रम मिनिटाला १७०० च्या आसपास फिरतो आणि पट्टा मिनिटाला दोन मीटर पुढे जातो असं धरलं, तर एका फेऱ्यात फळी जेमतेम १.२ मिमी सरकते. त्यामुळे पेपरवर एकच ठिपका बुजला असेल तर त्याची रेघ दिसत नाही, बाकीचा घेर ती पुसून टाकतो. रेघ दिसते म्हणजे ड्रमच्या पूर्ण घेरावर त्या जागी कडं तयार झालंय. हे जवळजवळ नेहमी ग्लूच्या सांध्यामुळे होतं: पॅनल सरळ आत जातं, सांधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ड्रमच्या त्याच जागेखालून जातो, ग्लू तापून पेपरमध्ये भरतो. पाइनची राळही असंच करते.

खात्री करायची तर पॅनल ५० मिमी बाजूला सरकवून घाला. रेघ पॅनलवर जागा बदलून आली, तर दोष पेपरचा.

उपाय: धूळ ओढणारं यंत्र चालू ठेवून पेपर साफ करायची क्रेप रबराची कांडी फिरत्या ड्रमवर हलक्या हाताने, एका जागी न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे आणि लोंबती बाही नको. झाकण उघडल्यावर मशीन बंद पडत असेल तर त्या स्विचला फसवू नका, पट्टी काढून साफ करा. पेपर काळा आणि काचेसारखा चकचकीत झाला असेल तर रबरानेही फरक पडत नाही, सरळ नवी पट्टी लावा.

पुढच्या वेळी सांध्यावर वाळलेला ग्लू स्क्रॅपरने खरवडून मगच पॅनल घाला, आणि तेही थोडं तिरकं. तिरकं घातलं की सांधा ड्रमच्या वेगवेगळ्या भागाखालून जातो.

(रेघ खोलगट असती तर कारण उलटं: पट्टीखाली भुशाची गाठ अडकून पेपर तिथे उचलला गेलेला असतो.)

ग्रिट_ऐंशी:
वरच्याला एक जोड. नवी पट्टी लावताना शेवटचं टोक ड्रमवरच्या खाचेच्या तळाला टेकू देऊ नका. पट्टी तापली की ताणते आणि खाचेतली स्प्रिंगची क्लिप ती ढील आत ओढून घेते. टोक आधीच तळाला टेकलं असेल तर ओढायला जागाच उरत नाही, पट्टी सैल पडते, वेढे एकमेकांवर चढतात आणि पेपर फाटतो. कापताना जुनी पट्टी नमुना म्हणून खाली ठेवा. पाच मिनिटं चालवून, मशीन बंद करून, प्लग काढून ताण पुन्हा तपासा.

पट्ट्याबद्दल: तो ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूचा ताणाचा नट पाव फेरा आवळा. पुरेसा ताण आधीच असेल तर दुसऱ्या बाजूचा पाव फेरा सैल करा. मग पूर्ण वेगावर दोन-तीन मिनिटं थांबून बघा. परिणाम उशिरा दिसतो; तेवढा धीर नसला की माणूस नट इकडून तिकडे फिरवत बसतो आणि पट्टा कधीच सरळ होत नाही. त्याआधी रोलरवर चिकटलेला भुसा खरवडा, त्या थरानेही पट्टा सरकतो. फार ताणू नका, रोलरचे बुश झिजतात. हाताने दाबल्यावर पट्टा रोलरवर घसरणार नाही, इतकाच ताण पुरे.

सूत_गुण्या:
जाडीतला फरक बहुतेक तुमच्या अर्ध्या मिमीमुळेच आहे. उघड्या बाजूला ड्रमला आधार नाही. रुंद पॅनलवर जास्त दाब आला की ड्रम धरणारा मशीनचा हात वर लवतो आणि तिकडे जाडी उरते. रुंद पॅनलला ८० नंबरवर एका फेरीत ०.२ मिमी पुष्कळ झालं, १२० वर ०.१५, १८० वर ०.१ किंवा त्याहून कमी. शेवटची फेरी उंची न बदलता द्या.

तरीही फरक राहिला तर मोजा. प्लग काढा, पेपर काढा. लाकडाचा एकच ठोकळा घ्या; दोन घेतले तर त्यांच्यातलाच फरक मोजत बसाल. पट्ट्याचा जोड टाळून ठोकळा ड्रमच्या आतल्या टोकाखाली ठेवा आणि ०.१० मिमीची फीलर पाती (फट मोजायची धातूची पातळ पाती) जेमतेम सरकेल इतका ड्रम खाली आणा. उंचीचं चाक न हलवता तोच ठोकळा उघड्या टोकाखाली न्या. पाती तशीच सरकली तर टेबल सरळ आहे.

फळीकट:
नवी पट्टी लावली, ग्लू खरवडला, पॅनल तिरकं घातलं: रेघ नाही. ०.२ मिमीवर फरक ०.४ चा ०.१५ झाला. पण पातीने मोजलं तर उघड्या टोकाला ०.१० ऐवजी ०.२० जाते. बोल्ट हलवू का?

सूत_गुण्या:
ड्रमपेक्षा रुंद पॅनल दोन बाजूंनी फिरवून घासत असाल तर तसंच राहू द्या. ड्रमचं उघडं टोक ०.०५ ते ०.१ मिमी वर असलं की ड्रमच्या कडेची रेघ पॅनलच्या मधोमध उमटत नाही. सगळं काम १६ इंचाच्या आतलं असेल तर उघड्या बाजूचे टेबलाचे बोल्ट थोडे सैल करून टेबलाचं तेवढंच टोक वर घ्या, आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना टेबल थोडं हलतंच, त्यामुळे आवळण्याआधीच्या मापावर विसंबू नका.

रंधा_पटाशी:
आणि मशीन उघडलंच आहे तर उंचीच्या स्क्रूला ग्रीस लावू नका, भुसा बसून त्याची पेस्ट होते. स्क्रूचे आटे ब्रशने साफ करून मेण चोळा.