आशियाई सिनेमांचं कौतुक पुरे म्हणणाऱ्या पोवईनाका यांना उत्तर

गावभागची:
साताऱ्याहून पोवईनाका या नावानं लिहिणाऱ्यांनी परवा पोस्ट टाकली की कोरियन, जपानी, इराणी सिनेमांचं कौतुक आता पुरे. ते परदेशी परीक्षकांसाठी काढलेले असतात, रेंगाळतात, सबटायटल वाचेपर्यंत चित्र निसटतं आणि सांगली-साताऱ्याच्या माणसाचं त्यात काही नसतं. पहिल्या तीन मुद्द्यांवर मी गप्प बसले असते. चौथ्यावर बसणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही विश्रामबागेत एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर होतो. घरात माळ्यापर्यंत पाणी. पुढच्या वर्षी मी कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होचा ‘पॅरासाइट’ पाहिला. त्यात अर्ध्या तळघरात राहणाऱ्या कुटुंबाच्या घरात गटाराचं पाणी शिरतं. मुलगी उसळणाऱ्या संडासावर झाकण दाबून बसते. रात्र व्यायामशाळेत, जमिनीवर. आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाई गाडीत मागे बसून फोनवर सांगत असते की पावसानं हवा कशी छान झाली, पोराचा वाढदिवस बागेतच करू. गाडी चालवणारा रात्रभर त्याच पाण्यात होता. तिला त्याचा वास येतो, ती काच खाली करते.

पूर ओसरल्यावर आम्ही घरातला गाळ खराट्यानं काढत होतो तेव्हा पुण्याहून नात्यातल्या एका बाईंचा फोन आला, “टीव्हीवर कृष्णा काय सुंदर दिसत होती गं!” मी फोन ठेवला. त्या बाईंना कोरियात कुणीतरी ओळखून होतं, एवढंच मला म्हणायचंय. आपल्याकडच्या कुणी पडद्यावर त्यांना असं पकडलेलं मी पाहिलेलं नाही.

जपानच्या कोरे-एदाच्या ‘शॉपलिफ्टर्स’मध्ये म्हातारीच्या पेन्शनवर घर चालतं. ती जाते तेव्हा तिला घराखालीच पुरतात आणि पेन्शन उचलत राहतात. इराणच्या फरहादीच्या ‘अ सेपरेशन’मध्ये बापाला स्मृतिभ्रंश, बायकोला परदेशी जायचंय, आणि सांभाळायला ठेवलेल्या बाईचं प्रकरण कोर्टात जातं. पैसा, म्हातारपण, कुणी कुणाचं करायचं, यावर हे लोक थेट बोलतात. आपल्या गल्लीत याहून वेगळं काय चाललंय?

पोवईनाका:
ताई, पुराचं तुम्ही सोसलंय, त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. पण पूर तुमचा होता म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही.

तो जपानी ‘ड्राइव्ह माय कार’ पाहिलात ना? तीन तासांना एक मिनिट कमी. सुरुवातीची नामावळी पडायलाच चाळीस मिनिटं लागतात. ऑस्कर मिळालं म्हणून लोक मान डोलवतात, घरी लावल्यावर किती जण पूर्ण बघतात? ‘परफेक्ट डेज’चंही तेच. दिवसभर एमआयडीसीत उभ्यानं काम करून आलेल्या माणसानं रात्री जपानी माणूस संडास धुताना बघायचा का? ‘सैराट’ला कुणाच्या शिफारशीची गरज लागली नव्हती. लोक ट्रॅक्टर-टेम्पो भरून गेले. सिनेमा त्याला म्हणतात.

गावभागची:
‘सैराट’ थेटरात लागण्याआधी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला होता. तुमच्याच उदाहरणात परदेशी परीक्षक बसलेत. महोत्सवाला गेलेला सिनेमा लोकांचाही असू शकतो, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

कुपवाडहून:
दादा, एमआयडीसीत उभं राहणाऱ्याचं नाव घेतलं म्हणून बोलतो. मी तिथलाच. फाउंड्रीत रात्रपाळी करतो. ‘परफेक्ट डेज’ मी बघितला आणि मला लई आवडला. त्यो माणूस भांड्याच्या कडेखाली छोटा आरसा धरून बघतो, खाली घाण राहिली का. कुणी तपासायला येणार नसतंय, तरी बघतो. आमच्यात एक जुने मिस्त्री होते, कास्टिंग पाठवायच्या आधी बोटानं खालची बाजू चाचपायचे. इन्स्पेक्शनमध्ये ती बाजू कुणी बघतच नव्हतं. रिटायर झाले तेव्हा कुणी हारसुद्धा घातला नाही. मला त्यो सिनेमा हळू वाटला नाही. आमच्यासाठी काय बघायचं ते तुम्ही ठरवू नका.

चाळीतला:
कुपवाडहून, तुझ्या मिस्त्रींबद्दल आदर आहे. पण या सिनेमावर माझा राग आहे आणि तो पोवईनाक्यांच्या रागापेक्षा वेगळा आहे.

माझी आई ठेकेदाराकडे सफाई कामाला होती. हातमोजे मागितले तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणायचे. त्या सिनेमात जे संडास दाखवलेत ते टोकियोच्या शिबुया भागातले, तादाओ आंदो, शिगेरू बान अशा मोठमोठ्या वास्तुविशारदांनी बांधलेले. त्या प्रकल्पाची दखल घेतली जावी म्हणूनच सिनेमाची कल्पना निघाली. दिग्दर्शक व्हिम वेंडर्स, जर्मन. घाण जवळपास दिसतच नाही. काम करून माणूस झाडांचे फोटो काढतो, पुस्तक वाचतो, समाधानी झोपतो. त्या माणसाचं काम करणाऱ्या याकुशोचा अभिनय उत्तम आहे, २०२३ ला फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याला अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते योग्यच. पण माझी आई घरी आल्यावर आधी अर्धा तास हात घासायची. ते यात कुठं आहे? समाधानी सफाई कामगार बघायला सगळ्यांना आवडतो, कारण मग त्याचा पगार विचारावा लागत नाही.

गावभागची:
चाळीतला, हे मला मान्य करावं लागतंय आणि ते सोपं जात नाहीये. मला तो सिनेमा आवडला होता. आरशाचा प्रसंग मी अजूनही सोडणार नाही. पण हातमोज्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही.

पोवईनाका:
चला, एकावर तरी एकमत. आणि तोही जर्मनाचा निघाला.

मिरजेची आत्या:
मला या मोठ्या नावांतलं फार कळत नाही. मुलीनं मला ‘हाऊ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज’ लावून दिला. थायलंडचा, २०२४ चा. सबटायटलचं म्हणाल तर माझा चष्मा जाड आहे तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

आजीला कॅन्सर होतो. नातू घर मिळेल या आशेनं सेवेला येऊन राहतो. आजी पहाटे उठून तांदळाची पेज विकते. तिला तीन मुलं. थोरला पैसेवाला, मधली मुलगी, धाकटा कर्जबाजारी. आईला दवाखान्यात नेता यावं म्हणून मुलगी रात्रपाळी घेते. आणि आजी घर कुणाला देते? धाकट्याला. तो ते विकतो आणि तिला वृद्धाश्रमात ठेवतो. त्याहून मला लागला तो आजीच्या भावाचा प्रसंग. ती त्याच्या बंगल्यावर जाते, दोघं गाणी म्हणतात, हसतात. मग ती आपल्या थडग्याच्या जागेसाठी पैसे मागते आणि तो तिला घालवून देतो. आईबापांचं तिनं केलेलं, मिळकत सगळी त्याला गेलेली.

मी टीव्ही बंद केला आणि परत लावला. आईचं अंथरुणातलं सगळं मी केलं. शेवटी शेवटी तर कूस बदलायलासुद्धा. विश्रामबागेचा प्लॉट भावाच्या नावावर झाला, मला साडीचोळी आणि “तुला काय कमी आहे?” हे एक वाक्य. पोवईनाका, तुम्ही म्हणता आपल्या माणसाचं त्यात काही नाही.

द्राक्षबाग:
आत्या, राग मानू नका, पण हे एकाच बाजूनं चाललंय. मी तासगाव भागातला. बहिणीनं वाटपाचा दावा लावलाय माझ्यावर. मांडव उभा करायला काढलेलं बँकेचं कर्ज माझ्या नावावर, सोसायटीचं माझ्या नावावर. ऐन बहरात अवकाळी झाला, घड कुजून गेले, तेव्हा हिस्सा मागायला कोण आलं नाही. रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला आणि बहिणीला हक्क आठवला. तिच्या लग्नाला बाबांनी म्हस विकली होती. ते कुठल्या कागदावर हाय?

मिरजेची आत्या:
म्हस विकली ती तिनं सांगितलं होतं का विकायला? लग्नाआधी घडातले जादा मणी काढायला, विरळणीला कोण बसायचं? डिपिंगच्या वेळी कपातलं औषध घेऊन घडाघडाला हात कुणाचे फिरायचे? गड्याला हजेरी मिळते, बहिणीला मिळत नाही. बाग तुझी कशी रे एकट्याची?

द्राक्षबाग:
तुम्ही तुमच्या भावाचा राग माझ्यावर काढताय. माझी बहीण काय आणि कशी, हे तुम्हाला काय ठाऊक?

पोवईनाका:
सिनेमाच्या चर्चेत सातबारा कुठून आला? कुणीतरी आवरा.

निबंधक कचेरीसमोर:
आला आहे तर नीट तरी येऊ द्या. मी दस्त लिहितो, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं त्याही आल्या. त्या तारखेला वडील हयात नव्हते म्हणून हक्क नाही, असं बरेच जण सांगत फिरतात. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो वाद मिटवला. वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर ते मोडत नाही. आणि बहीण “मला नको” असं तोंडी म्हणाली, याला अर्थ नाही. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलंच लागतं.

आत्याबाई, तुमच्या प्लॉटचं वेगळं असू शकतं. आईच्या स्वकष्टाचा असेल आणि तिनं मृत्युपत्र केलं असेल तर तिची मर्जी चालते.

एक माझं बघितलेलं सांगतो. हक्कसोडीला येणाऱ्या बायका नवी साडी नेसून येतात. भाऊ गाडीतून आणतो, समोरच्या हॉटेलात चहा पाजतो. मी दरवेळी विचारतो, “ताई, कागद वाचून दाखवू का?” भाऊ म्हणतो, “तिला माहितीये सगळं.” ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही, अंगठा शाईच्या पॅडवर ठेवते. हे कुणी पडद्यावर आणलं तर मी तिकीट काढून जाईन, मग ते थाई असो नाहीतर मराठी.

कुपवाडहून:
काका, हे लिहिलंत ते कुठल्याबी सिनेमापेक्षा भारी हाय.

पोवईनाका:
बरं, माझंही ऐका. हा थाई सिनेमा आत्या सांगतात तसा असेल तर तो माझ्याच बाजूचा आहे. तो काही परीक्षकांनी वर उचललेला नाही. थायलंड, इंडोनेशियात लोकांनी गर्दी करून चालवला, रडले आणि बाहेर आले. म्हणजे साधी गोष्ट, सरळ सांगितलेली, लोकांना पोचलेली. माझा आक्षेप त्या दुसऱ्या प्रकाराला आहे, जिथं माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि आपण त्याला बघतो.

गावभागची:
तुमच्या पोस्टमध्ये असा फरक नव्हता. सरसकट “आशियाई सिनेमे” लिहिलं होतंत. आता आत्यांनी थाई वेगळा काढून दिला, चाळीतल्यानं ‘परफेक्ट डेज’ जर्मन ठरवला. उरलं काय?

आणि सांगली कुठल्या खंडात आहे? ‘साबर बोंडं’ मराठीतच आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बाप गेल्यावर दहा दिवस गावी राहायला आलेला मुलगा, लग्न का करत नाही म्हणून टोचणारे नातेवाईक, आणि गावातच त्याला आवडणारा पुरुष. तो संथ आहे. दहा दिवसांचं सुतक भराभर कसं दाखवणार? ज्या गावानं १८४३ ला विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ पाहिलं, त्या गावच्या प्रेक्षकाला “हे तुला झेपणार नाही” असं साताऱ्याहून कुणी सांगावं, याचा मला खरोखर राग आला होता. अजून आहे.

पोवईनाका:
नाट्यपंढरी मध्ये आणलीत म्हणजे आता वाद संपला म्हणायचा. सांगलीकरांपुढे हा मुद्दा कुणी जिंकलेला नाही.

‘चौथा मुद्दा’ मी मागे घेतो, फक्त चौथा. आमच्याकडे तीन बहिणी आहेत आणि मळ्याच्या फेरफारावर माझं एकट्याचं नाव आहे. त्यावर इथं जास्त लिहिणार नाही. ‘ड्राइव्ह माय कार’ला मात्र मी आजही कंटाळवाणाच म्हणेन.

चाळीतला:
म्हणा की. पण त्यात चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’ नाटकाची तालीम चालते, प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलतो आणि एक नटी कोरियन खुणांच्या भाषेत संवाद म्हणते, तेवढा भाग परत बघा. नाटकवाल्यांच्या गावात राहून मला तालमीबद्दल इतकं नेमकं दुसरं काही दिसलेलं नाही. दिग्दर्शक नटांना भावना न घालता नुसतं वाचायला लावतो, पुन्हा पुन्हा, आणि ते वैतागतात. त्या वैतागासाठी वेळ लागतोच.

पोवईनाका:
तालीम बघतो. बाकीचे अडीच तास नाही.

द्राक्षबाग:
मी परत आलो. दस्तवाले काका, तुमचं वाचून रात्री नीट झोप लागली नाही. आमचा कागद रजिस्टर झालेला नाही, तोंडीच होतं. वकील म्हणतोय लढू, चार-पाच वर्षं काढू. आत्या, तुम्ही मला बोललात ते मला पटलं असं मी म्हणणार नाही. विरळणीला ती बसायची, हे खरं हाय. पण कर्ज एकट्यानं फेडायचं आणि जमीन अर्धी द्यायची, हे मला जमणार नाही. कर्जासकट बोलणार असेल तर मी तिला फोन करतो.

मिरजेची आत्या:
कर्जासकटच बोल बाबा. बँकेचे उतारे तिच्यासमोर ठेव. आणि काही लिहायचं ठरलं तर तिच्या घरी जाऊन ठरव, चहाच्या हॉटेलात नको.