बेचाळिसाव्या वर्षी कारखाना सोडून शिक्षक होता येईल का?

प्रश्न (मकरपुरेकर):
मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात १६ वर्षे तयार भागांची मापे तपासण्याचे काम करतो. शिक्षण बी.एससी., विषय गणित. रविवारी सोसायटीतील मुलांना शिकवतो. मागे सहावीतल्या एका मुलीला दशांश काही केल्या उमगेना, तेव्हा व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) तिच्या हाती देऊन तिच्याच पेन्सिलीची जाडी मोजायला लावली, ७.२ मिलिमीटर हे माप तिने स्वतः वाचले आणि तो शेवटचा दोन कुठून आला हे मलाच समजावून सांगितले. तेव्हापासून शिक्षक व्हावे हा विचार मनातून जात नाही. बाबा म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. घराचे कर्ज नऊ वर्षांचे बाकी आहे आणि बाबांना मधुमेह आहे. नोकरी सांभाळून बी.एड. होईल का? या वयात मला कोणी घेईल का?

उत्तर (रावपुऱ्याची ताई):
मी अडतिसाव्या वर्षी हिशेबाचे काम सोडून शाळेत आले, म्हणून लिहिते. नोकरी सांभाळून बी.एड. होणार नाही, असेच धरून चालावे. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, हजेरी लागते आणि पाठ घेण्यासाठी सलग काही आठवडे शाळेत जावे लागते. इग्नूचे (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे) दूरस्थ बी.एड. मुख्यतः आधीपासून प्राथमिक शिक्षक असलेल्यांसाठी आहे. वयाचे म्हणाल, तर बाकावर शेजारी बसणारी बावीस वर्षांची मुलगी मला ‘मॅडम’ म्हणे, ते अवघडलेपण महिन्याभरात सरले. सरले नाही ते निराळेच: मुलाखतीत माझ्या चौदा वर्षांच्या कामाविषयी कोणी अवाक्षर विचारले नाही आणि खासगी शाळेने पगार नवशिक्याचा दिला. दादा, हे फार लागते. सरकारी किंवा अनुदानित शाळेसाठी सहावी ते आठवीला टेट-२ आणि त्यापुढच्या वर्गांना टॅट ही शिक्षकांसाठीची परीक्षा द्यावी लागेल.

उत्तर (दांडियाबाजार):
खरा अडसर ती दोन बिनपगारी वर्षे आहेत, म्हणून आधी कागद मांडून बसावे. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, आपल्याला मिळेलच: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये असतील, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि १६ वर्षांनी गुणायचे, म्हणजे सुमारे २ लाख ७७ हजार. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली असल्यास ५८ व्या वर्षापासूनचा पेन्शनचा हक्क नोकरी सोडल्याने जात नाही. मला काळजी वाटते ती बाबांच्या आरोग्यविम्याची. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, तेव्हा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बाबांना नेता येईल का, हे राजीनाम्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

मकरपुरेकर:
ताई, आपण लिहिलेले पत्नीला वाचून दाखवले. पगार नवशिक्याचा असेल, हे आम्ही दोघांनी आजवर एकमेकांजवळ बोललोच नव्हतो. यंदा अर्ज भरत नाही. आधी बाबांची पॉलिसी करतो आणि वर्षभर घरखर्च पत्नीच्या पगारात भागवून माझ्या पगारातून फक्त कर्जाचा हप्ता भरतो, उरेल ते बाजूला टाकतो. रविवारचा वर्ग चालूच राहील.