"आई, साबण खराब झाला" : अनुभव सांगा

खारपाणी
माहेरी आलेय, दर्यापूरकडे. काल लेक (वय ६) न्हाणीतून ओरडली, "आई, आजीचा साबण खराब झाला, फेसच येत नाही!" साबण कशाचा खराब, पाणी आमचं पूर्णेकाठचं. अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको. बोअरच्या पाण्यात साबणाचा चोथा होतो अन् केसांची सुतळी.

आईचा एक रांजण असायचा, पत्र्याच्या पन्हाळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्याचा. त्याला हात फक्त दोन कामांसाठी लावायचा, डाळ शिजवायला आणि डोकं न्हायला. माणशी एक गुंड, म्हणजे घागरभर पाणी. डोक्यावरून आलेलं पाणी खाली परातीत धरायचं, त्यात पाय बुडवायचे, मग वज्री. टाच लाल होईपर्यंत. घोट्यामागे मळ दिसला की परत न्हाणीत.

माझी पोरगी तिकडे अर्धा तास शॉवरखाली असते आणि कानामागे कोरडीठाक! तुम्ही पोरांना कसं शिकवलं? तुम्हाला कोणी शिकवलं? लिहा.

सांबारवडी
उवा विसरल्या वाटते सगळ्या! दुपारी ओसरीवर आजीच्या मांडीत डोकं, फणीतून पडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखात टच्च. त्या आवाजानं मले अजून झोप येते. मागच्या साली माह्या पोरीच्या डोक्यात झाल्या तं शाळेतल्या बाईनं तिले वेगळं बसवलं. घरी येऊन म्हणते, "मी घाण आहो का?" अवं, उवाले काय धुतलेलं डोकं अन् काय न धुतलेलं! उडत नाहीत का उड्या मारत नाहीत, डोक्याले डोकं लागलं का चालत जातात. औषध लावलं तरी लिखा राह्यल्या, त्या फुटतात म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावलं. डाळ उतू चालली, बाकी नंतर.

मास्तर_निवृत्त
वाशीम जिल्ह्यात ३१ वर्षं जि. प. शाळेवर काढली. सोमवारी प्रार्थना झाली की नखं तपासायचो. चौथीतल्या एका मुलाची बोटं कायम काळी. दोनदा समज दिली, तिसऱ्या सोमवारी पट्टी मारली. रडला नाही, हातही मागे घेतला नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दारात बिब्ब्यांचा ढीग. आई दगडावर बिब्बे फोडून गोडंबी काढत होती, हातांना राख फासलेली. शेजारी एक लहान दगड, तो याचा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, डाग साबणानं हटत नाही. त्या माउलीनं मला पाणी दिलं ते पेला पदरात धरून, बोट लागू नये म्हणून.

पट्टी कपाटात गेली. तपासणी चालू ठेवली, फक्त आधी माझी नखं पोरांना दाखवायचो. त्यांना त्यातच मजा. एकदा मीच नापास झालो.

पऱ्हाटी
सर, कसंतरीच झालं वाचून. एक विचारू का, डिंकाच्या लाडवाले चांगली गोडंबी वाशीमात कुठं भेटते? सून बाळंतीण हाय.

सांबारवडी
@पऱ्हाटी काकू, धागा कोणता अन् तुमचं काय! 😄 व्यनि (खाजगी निरोप) करते. नातू का नात?

पऱ्हाटी
नात! साडेसहा पौंड. 🙏

झाडीपट्टी
अभिनंदन काकू. माझं ऐका. रोज सकाळी पोराच्या मागे लागायचो, दात घास, दात घास. माझ्या तोंडात तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा. एक दिवस तो ब्रश घेऊन समोर उभा, "बाबा, आधी तुम्ही थुंका." बायको चुलीपाशी हसून लोटपोट. सुटला म्हणणार नाही, दिवसाला चार होते त्याचा एक झाला, तोही घराबाहेर. पोराचे दात मात्र मस्त आहेत.

कुटारवाला
आमच्या घरी संडास बांधला तेव्हा मी सातवीत. बाबांनी त्यात आधी तुरीचं कुटार, म्हणजे भुसा भरला. "एवढी पक्की खोली, वाया कायले घालवायची?" आम्ही नाल्याकडेच. एका पावसाळ्यात नाल्यावर साप निघाला अन् दुसऱ्या दिवशी कुटार बाहेर. सरकारचं अनुदान एकीकडे, साप एकीकडे.

चांदूरकरीण
कुटारवाले भाऊ 😂
आमच्याकडे पोरींना यातलं काही सांगायचंच नाही अशी रीत. पाळी आली तेव्हा मला वाटलं काहीतरी फाटलं. आईनं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, एवढंच बोलली, "कोणाले दिसू देऊ नको." तो तुकडा ओल्या टॉवेलखाली वाळायचा, म्हणजे वाळायचाच नाही. मांड्या सोलून निघायच्या. मी पोरीला दहाव्या वर्षीच बसवून सगळं सांगितलं. परवा तिनंच माझ्या आईला पॅड कसं बदलायचं ते शिकवलं, खोकताना लघवी होते म्हणून. आजी म्हणे, "हे मले तुह्या वयात भेटलं असतं तं!"

वऱ्हाडी_ठेचा
अंजनगाव सुर्जीकडला मी, गाडगेबाबांच्या शेंडगावजवळचा. २० डिसेंबर, बाबांची पुण्यतिथी, शाळेतून खराटा घेऊन गाव झाडायचो. पुढं मी, मागं आमची म्हैस. सांगा काय झाडणार.

खारपाणी
मास्तरांचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग उठून वज्री शोधत बसली, अडगळीत सापडली, पार झिजलेली. लेकीनं आज काय केलं, प्यायच्या कॅनच्या पाण्यानं हात धुतले, फेस येतो म्हणून! वीस रुपयांचा कॅन. आई ओरडणार तेवढ्यात तिनं फेसाचे दोन्ही हात आजीच्या गालाला लावले. रांजण आता रिकामाच आहे, मृगाचा पाऊस पडेस्तोवर. थांबा, नळ आला, आठ दिवसांनी आलाय, जाते.