मदत हवी आहे: रात्रीची फ्लाइट ड्यूटी, दिवसाची झोप, आणि डोंबिवली की अंधेरी?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी विमान चालवते, एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे उजव्या सीटवर. मूळची डोंबिवलीची. गोंदियाला फ्लाइंग करून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स घेतलं, काही वर्षं इकडे नोकरी केली, मग आखातात गेले आणि तिथे साडेसात वर्षं काढली. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, लेक पाच वर्षांची झाली, तिच्या शाळेचं बघायला हवं, म्हणून दोघांनी ठरवलं की आता परत जायचं. नवऱ्याला मार्चपर्यंत तिकडची नोकरी सोडता येत नाहीये, त्यामुळे मी आणि लेक पुढे आलोय आणि सध्या आईकडेच आहोत.

कागदपत्रांचं सगळं झालंय. मेडिकल, लायसन्स रिन्यूअल, सिम्युलेटर चेक, एअरपोर्टचा पास, धरला होता त्यापेक्षा वेळ जास्त गेला पण झालं. माझ्याकडे आधीचं भारतीय लायसन्स होतं म्हणून सोपं गेलं. ज्यांच्याकडे फक्त परदेशी आहे त्यांना डीजीसीएचा (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) एअर रेग्युलेशन्सचा पेपर आणि नेव्हिगेशन-मेटचा (दिशादर्शन आणि हवामान) एकत्र पेपर द्यावा लागतो. त्याबद्दल कोणाला विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जे माहीत आहे ते नक्की सांगेन.

माझी अडचण वेगळी आहे. मला दिवसा झोपायला मिळत नाहीये.

गेल्या गुरुवारचं सांगते. रात्रभराची ड्यूटी करून सकाळी पावणेआठला घरी पोचले, आंघोळ केली, साडेआठला आडवी झाले. पावणेनऊला शेजारच्या किचनमधला कुकर, भिंत एकच आहे त्यामुळे शिट्टी थेट उशीत. नऊला कचऱ्याची बेल. साडेनऊला इस्त्रीवाला. सव्वादहाला वरच्या मजल्यावर बाथरूमच्या टाइल्स फोडायला सुरुवात झाली. अकराला आई दार हळूच उघडून म्हणाली, "जागी आहेस का गं, चहा टाकू?" ती इतक्या मायेने विचारते की मला काही बोलवत नाही. तुकड्यातुकड्यांनी मिळून दोन-अडीच तास झोप झाली असेल आणि त्याच रात्री परत ड्यूटी होती. संध्याकाळी आरशासमोर युनिफॉर्म घालताना शर्टाच्या खांद्यावरची एपोलेट्स (हुद्द्याच्या पट्ट्या) उलटी लावली, लक्षातच आलं नाही, लेकीने दाखवलं. मी तिथेच खाली बसले आणि ऑफिसला फोन करून फटीग रिपोर्ट केला, म्हणजे थकल्यामुळे उडू शकत नाही असं कळवलं, ड्यूटी घेतली नाही. मागे दीडशेच्या वर माणसं बसलेली असतात, त्यामुळे ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं, पण दर आठवड्याला हे करता येणार नाही.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते, रात्री २ ते सकाळी ६ हा काळ शरीर सगळ्यात मंद असण्याचा, आमच्या नियमातही तो वेगळा धरलाय. दोन ड्यूट्यांच्या मधे कमीत कमी १२ तास विश्रांती लागते, आधीची ड्यूटी त्याहून लांब असेल तर तेवढी. नवीन नियमात आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली ती खरंच चांगली गोष्ट झाली. पण नियम फक्त वेळ मोकळा ठेवतो, त्या वेळात झोप लागेल हे घराने आणि सोसायटीने बघायचं असतं. आणि त्या १२ तासांतले तीन तास माझे डोंबिवली ते टी२ (मुंबई एअरपोर्टचं टर्मिनल २) आणि परत यात जातात.

कंपनीची पिकअप गाडी ठरावीक हद्दीपर्यंतच येते, डोंबिवली त्यात बसत नाही. दिवसाची ड्यूटी असेल तर लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोचं एक स्टेशन, की थेट टी२. छान होतं, बॅग ओढत जायला लागतं एवढंच. पण रात्री अडीचचा रिपोर्टिंग टाइम असला की ना लोकल ना मेट्रो. सुरुवातीला स्वतः गाडी चालवत यायचे. एका सकाळी परत येताना ऐरोलीच्या अलीकडचे दोन-तीन किलोमीटर मी कसे आले ते मला आठवेना. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास उभी राहिले आणि त्या दिवसापासून रात्रीच्या ड्यूटीनंतर चालवणं बंद केलं.

पावसाळ्यात तर घरी कधी पोचू हेच सांगता येत नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्यामुळे विमानं एका वेळी एकाच पट्टीवर येतात, जोराची सर आली की सगळे रांगेत वर घिरट्या घालत बसतात आणि इंधन ठरलेल्या आकड्यावर आलं की अहमदाबाद नाहीतर हैदराबाद. अशा दिवशी लेकीला शाळेतून कोण आणणार?

म्हणजे एअरपोर्टजवळ घर घ्यायला हवं हे मला कळतंय. मरोळ, जे. बी. नगर, पवई असं बघतेय, भाड्याने, दोन बेडरूम, बजेट महिना पासष्ट हजार. दोन ठिकाणी सगळं ठरलं होतं. एका ठिकाणी मालकांनी ऐनवेळी सांगितलं की नवरा येईपर्यंत थांबा, एकटी बाई रात्री-अपरात्री गाडीतून उतरते ते सोसायटीत बरं दिसत नाही. युनिफॉर्ममधे गेले होते, आयडी दाखवलं होतं, तरी. फार वाईट वाटलं.

आणि दुसरी गोष्ट आई. तिचं वय ६८. फडके रोडपासून पाच मिनिटांवर घर, रोज संध्याकाळी गणपती मंदिर, मंगळवारी भजनी मंडळ, भाजीवालीसुद्धा वीस वर्षांपासूनची. ती म्हणते मुलीला माझ्याकडे ठेव, तू तिकडे एकटी राहा, सुट्टीला येत जा. लेकीला सोडून राहायचं म्हटलं तर मग मी परत आले कशाला?

रात्री पूर्वेकडून २७ च्या धावपट्टीवर यायला लागलो की साधारण बारा मैलांवर उजव्या हाताला डोंबिवलीचे दिवे दिसतात. त्या वेळी कामच इतकं असतं की बघायला सेकंदसुद्धा नसतो, तरी नजर जातेच. तिथे दोघी झोपलेल्या असतात.

तर मला हे विचारायचंय. नाइट शिफ्टवाल्यांनो, मुंबईत दिवसा झोपता कसे, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कसं सांगितलंत? रात्रीच्या ड्यूटीवाल्या बाईला घर देताना कटकट करत नाहीत असा एअरपोर्टजवळचा भाग कुठला? आईला हलवायचं की नाही? आणि जाता जाता, एनआरई खात्याचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) काय करायचं असतं तेही कोणी सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी वर्तमानपत्राच्या प्रेसमधे २२ वर्षं रात्रपाळी केली, मुलुंडला दीड खोलीत. सगळ्यात आधी बेल बंद करा. आम्ही बेलच्या वायरला वेगळं बटण लावून घेतलं होतं, मी झोपलो की बायको बंद करायची आणि दाराला पाटी, "रात्रपाळी आहे, २ पर्यंत बेल वाजवू नये, कचरा बाहेर ठेवला आहे." पहिला महिना लोक हसले, मग इस्त्रीवाला स्वतःच दुसऱ्याला सांगायला लागला. खिडकीला जाड काळा पडदा, आणि टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवायचा, त्याच्या घरघरीत बाकीचे आवाज बुडतात. घरी येताना सकाळच्या उन्हात गॉगल लावायचा, मला त्याचा खरंच फरक पडला. आणि घर बघाल तेव्हा झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. जिना किंवा लिफ्ट असेल तर घेऊ नका.

प्रतिसाद २
झोपेची सौम्य गोळी घेऊन बघा, माझी बहीण घेते. नाहीतर आयुर्वेदिक काहीतरी, त्याचा अपाय नसतो.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)
गोळी मला स्वतःच्या मनाने घेताच येत नाही, कुठलंही औषध आधी एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि आयुर्वेदिकचं तर आवर्जून सांगते, इथे वाचणाऱ्या कोणाच्या घरात क्रू असेल तर त्यांनाही उपयोग होईल. भारतात ड्यूटीच्या पहिल्या फ्लाइटआधी ब्रेथ अॅनलायझरमधे फुंकावं लागतं आणि आकडा शून्यच यावा लागतो. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तरी तीन महिने लायसन्स सस्पेंड. अल्कोहोल असलेलं माउथवॉश, टूथ जेलसुद्धा चालत नाही. मागच्या महिन्यात मला खोकला झाला तर आईने द्राक्षासवाची बाटली काढली, दोन चमचे घे म्हणाली, लहानपणी हेच द्यायची. बाटली फिरवून बघितली तर लेबलवर बारीक अक्षरात स्वयंनिर्मित अल्कोहोल असं लिहिलेलं. आसवं, अरिष्टं आंबवूनच करतात, त्यामुळे ते असतंच. आईला दाखवलं तर ती केवढी घाबरली, तेव्हापासून घरात काहीही आणलं की आधी मला लेबल वाचायला देते. प्रतिसाद १, पाटीची कल्पना फार आवडली, आजच करते.

प्रतिसाद ४
एनआरई: कायमचं परत आलात की बँकेला कळवून ते खातं रेसिडेंट करून घ्यायचं, तसंच चालू ठेवायचं नसतं. परकीय चलनातले पैसे तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडता येतं. टॅक्ससाठी तुम्ही काही काळ आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नाही असा टॅक्सचा दर्जा) मधे बसू शकता, मागच्या दहापैकी नऊ वर्षं नॉन-रेसिडेंट असाल किंवा मागच्या सात वर्षांत भारतात मिळून ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल तर. तुमची साडेसात वर्षं आहेत म्हणजे दुसरा मुद्दा बघा, सुट्टीला आलेले दिवसही धरायचे. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दिवसांची यादी करून मगच सीएकडे जा. नवऱ्याचा हिशोब वेगळा होईल.

प्रतिसाद ५
घराचं सांगते. मरोळमधे क्रूची सवय असलेल्या बऱ्याच सोसायट्या आहेत, पहाटे तीनला गेटवर गाडी थांबली तर वॉचमन वर बघतही नाही. ब्रोकरला पहिल्याच फोनवर "एअरलाइन क्रू, नाइट ड्यूटी" सांगा, म्हणजे ज्यांना नको त्यांच्याकडे हेलपाटा होणार नाही. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या आणि पोलिस व्हेरिफिकेशन स्वतःहून करा, नंतर कमिटीला बोलायला जागा राहत नाही. घाटकोपर, कुर्ला विमानांच्या वाटेखाली येतं, तिकडे नको.

आईचं. माझ्या आईला कल्याणहून हलवताना मी "आता आमच्याकडेच राहा" म्हटलं आणि ती वर्षभर हललीच नाही. मग नुसतं म्हटलं की दोन महिने नातीला सांभाळायला ये, घर बंद करू नकोस, किल्ली शेजारी दे, मंगळवारी भजनाला सोडायला मी येईन. आली. तुमच्या सुट्टीचे ४८ तास डोंबिवलीत काढा, म्हणजे तिचं घरही चालू राहील. तुम्ही आईला उलटं सांगून बघा, लेकीसाठी नाही, माझ्या झोपेसाठी ये म्हणा.

प्रतिसाद ६
नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, तिकडे बेस मिळत असेल तर डोंबिवलीहून तळोजामार्गे जवळ पडेल. विचारून बघा.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)
बेसचं विचारलंय, लगेच काही होईल असं दिसत नाही, पण नाव देऊन ठेवलंय. सीएसाठी दिवस मोजायला घेतले, शिक्के वाचताना डोळे दुखले पण होतंय. सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रतिसाद ५, काल रात्री आईला तुम्ही म्हणालात तसंच सांगितलं. ड्यूटीवर झोप न झालेली बाई विमान उतरवते म्हणजे काय ते पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं, ऐरोलीचंही सांगितलं, जे आजवर लपवलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि मी तुला चहाला उठवत होते." मग विचारलं की तिकडे जवळपास गणपतीचं देऊळ आहे का.

शनिवारी तिला घेऊन मरोळची एक जागा बघायला जातेय. पाटी दाराला लागली, अक्षर आईचंच आहे. मरोळ-अंधेरी भागातलं कोणी असेल तर संध्याकाळी चालत जाता येईल असं देऊळ आणि बायकांचं भजनी मंडळ कुठे आहे ते शुक्रवारपर्यंत सांगा.